पुरलेल्या वाहिनीची नाडीपरीक्षा

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या किनाऱ्यावरून निघालेली एक पोलादी वायुवाहिनी सह्याद्री चढून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड अशी मजल करीत थेट बेंगळुरूला पोहोचते. शाखांसह तिची लांबी सुमारे १००० किलोमीटर. २०१३ साली ती कार्यान्वित झाली आणि कर्नाटकाची राजधानी देशाच्या नैसर्गिक वायूच्या जाळ्याशी प्रथमच जोडली गेली. तिच्या माथ्यावर साधारणपणे मीटरभर किंवा त्याहून थोडी अधिक माती असते. त्या मातीवर ऊस उभा असतो, ज्वारी डोलते, गुरे चरतात. वाटेत ठिकठिकाणी पिवळे खुणेचे खांब दिसतात, इतकेच. कोकणातला लाल जांभा, धारवाडकडची काळी कसदार माती, बेंगळुरूभोवतीची तांबूस जमीन अशा तीन स्वभावांच्या भूमीतून ती जाते. दृष्टीआड गेलेल्या या पोलादाला कोठे गंज चढला आहे, त्याच्या अंगावरचा लेप कोठे सोलला आहे, हे उकरून न पाहता कळावे कसे? या प्रश्नाचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. त्यातील नवलाची बाब अशी की पोलाद खाणारा शत्रू, त्याला वाचवणारा वैद्य आणि त्याची नाडी पाहणारा परीक्षक या तिन्ही भूमिका बहुतांशी विजेनेच वठवल्या आहेत.

पुरलेली वाहिनी हा मुळात एक लांबच लांब विद्युतघट असतो. एका ठिकाणची माती ओली व घट्ट, शेजारची भुसभुशीत व हवेशीर. प्राणवायूच्या या तफावतीमुळे नळीचा एक भाग धनाग्र बनतो आणि दुसरा ऋणाग्र. धनाग्राच्या जागी लोखंड विरघळून मातीत जाते. ते रोखण्याचा पहिला उपाय म्हणजे लेप. पूर्वी डांबरी लेप असे. अलीकडे कारखान्यातच इपॉक्सी, चिकटद्रव्य आणि पॉलिथिन अशी तिहेरी कातडी चढवतात. मात्र नळ्या जोडल्या जातात त्या शेतात, चरापाशी. प्रत्येक वेल्डिंगच्या सांध्यावरचे आवरण उन्हापावसात, माणसाच्या हातून चढते आणि बहुधा तेच कच्चे राहते. नळी चरात उतरवण्यापूर्वी तिच्या अंगावरून उच्च दाबाचा विजेचा ब्रश फिरवतात. तिहेरी लेपासाठी हा दाब २५,००० व्होल्टपर्यंत नेला जातो. लेपात टाचणीएवढे छिद्र असले तरी ठिणगी उडते. या छिद्राला जगभरचे कारागीर ‘हॉलिडे’ म्हणतात. रंगाऱ्याने सुट्टी घेतलेली जागा, असा त्यामागचा विनोद आहे.

माती लोटल्यावर मात्र ब्रश निरुपयोगी ठरतो. तेथून पुढची कथा १८२४ सालच्या लंडनमध्ये सुरू होते.

ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि खाऱ्या पाण्यात ते झिजत. नौदलाने हम्फ्री डेव्ही यांचा सल्ला घेतला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तांब्याऐवजी तो तुकडा झिजतो, हे डेव्हींनी प्रयोगाने दाखवून दिले. एचएमएस समरंग या जहाजावर लोखंडाचे असे संरक्षक तुकडे बसवण्यात आले. हे जहाज सागवानी लाकडाचे होते आणि बांधले गेले होते आपल्याकडे, कोचीनला. प्रयोग यशस्वी झाला, किंबहुना गरजेपेक्षा अधिक यशस्वी झाला. तांबे झिजेनासे झाले, तेव्हा त्यातून पाण्यात उतरणारे विषारी क्षारही थांबले. मग शेवाळ आणि शिंपले तळाला निर्धास्तपणे चिकटले व जहाजाची गती मंदावली. नौदलाने योजना गुंडाळली. तत्त्व खरे असूनही काम फसल्याचे हे उदाहरण गंजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही आवर्जून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. डेव्हींचे साहाय्यक मायकेल फॅरडे यांनी पुढच्या दशकात विद्युतविघटनाचे नियम मांडले. त्या नियमांनुसार हिशेब केला तर एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत उतरत राहिल्यास सुमारे ९ किलो लोखंड नाहीसे होते.

या आकड्याची दाहकता शहरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाणवली. घोड्यांच्या ट्रामा जाऊन विजेच्या ट्रामा आल्या. वरच्या तारेतून आलेला एकदिश प्रवाह गाडीची चाके फिरवून रुळांवाटे विद्युतकेंद्राकडे परत जाई. पण रूळ जमिनीवरच असत. त्यामुळे काही प्रवाह मातीत उतरे, जवळच्या पाण्याच्या किंवा गॅसच्या लोखंडी नळात शिरे, त्यातून आरामात प्रवास करी आणि विद्युतकेंद्राजवळ नळ सोडून पुन्हा रुळांकडे वळे. जेथे तो नळाबाहेर पडे तेथे फॅरडेंचा हिशेब लागू होई. अमेरिकेतील आणि युरोपातील अनेक शहरांत नळांना भोके पडू लागली आणि ट्राम कंपन्या व पाणीखाती एकमेकांशी भांडू लागली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली आणि १९२५ मध्ये १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर उपनगरी रेल्वे धावू लागली. बेंगळुरूत मात्र १९०५ सालीच शिवनसमुद्रच्या जलविद्युतेने रस्ते उजळले तरी ट्राम कधी आली नाही. त्या शहराला हा भटका प्रवाह भेटायला आणखी शतक जावे लागले. त्याची हकिकत पुढे येईल.

या भांडणातून एक मोठी विद्या जन्माला आली. नळ आणि माती यांच्यातील विभवांतर मोजले तर प्रवाह नळात शिरतो आहे की बाहेर पडतो आहे, हे खोदल्यावाचून कळते. त्यासाठी मातीवर टेकवायला एक भरवशाचे विद्युतअग्र लागते: मोरचुदाच्या संपृक्त द्रावणात बुडवलेली तांब्याची कांडी आणि खाली सच्छिद्र बूच. हे साधे साधन आजही सर्वेक्षकाच्या हातात असते. १९२८ साली न्यू ऑर्लिन्सचे अभियंते रॉबर्ट कून यांनी गॅसवाहिनीला बाहेरून एकदिश प्रवाह पुरवून ती सगळीच्या सगळी ऋणाग्र करून टाकली. मातीत वेगळे पुरलेले धनाग्र झिजू द्यायचे आणि वाहिनी वाचवायची, अशी ही युक्ती. डेव्हींची कल्पना जहाजाच्या तळातून निघून जमिनीखाली आली ती अशी. ताम्र-मोरचूद अग्राच्या तुलनेत वाहिनीचे विभव उणे ०.८५ व्होल्टपर्यंत नेले तर गंज व्यवहारतः थांबतो, हा कून यांचा निकष आजही जगभर मानला जातो. एखाद्या क्षेत्रातील पहिलाच अनुभवजन्य आकडा जवळपास शतकभर टिकून राहावा, असे अभियांत्रिकीत फार थोड्या वेळा घडते.

आकडा मिळाला, पण तो मोजणे वाटते तितके सरळ नव्हते. संरक्षक प्रवाह चालू असताना मातीवर अग्र टेकवले की वाचनात दोन गोष्टी मिसळतात: पोलादाचे खरे विभव आणि प्रवाह मातीतून येताना मातीने खाल्लेला दाब. दुसऱ्या भागामुळे वाचन फुगते. काटा उणे १.१ दाखवतो आणि पोलाद प्रत्यक्षात उणे ०.७ वर गंजत असते. यावरचा उपाय मोठा चतुर आहे. प्रवाह क्षणभर तोडायचा. मातीतील दाब तत्काळ नाहीसा होतो, पण पोलादाच्या पृष्ठावर साठलेले ध्रुवण ओसरायला थोडा अवधी लागतो. त्या फटीत घेतलेले वाचन खरे. वाहिनीवरची सगळी संरक्षणकेंद्रे एकाच क्षणी बंद व चालू व्हावी लागतात. त्यासाठी आता उपग्रहांच्या घड्याळाचा आधार घेतात. मग सर्वेक्षक चाचणीखांबाला बारीक तांब्याची तार बांधतो, पाठीवरच्या रिळातून ती सोडत दोन्ही हातांत काठ्या घेऊन वाहिनीच्या माथ्यावरून चालतो आणि दर मीटर-दीड मीटरला वाचन नोंदवतो. दिवसाकाठी काही किलोमीटर. मधेच गुराने तार तोडली की पुन्हा गाठ.

यातून संरक्षण पुरेसे आहे की नाही ते कळते. लेप नेमका कोठे फाटला आहे ते तितक्या बारकाईने कळत नाही. त्या शोधाची वंशावळ वेगळी आहे. १९४० च्या दशकाच्या आरंभी पिअर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत प्रचारात आली. वाहिनीला प्रत्यावर्ती प्रवाहाचा संकेत द्यायचा. दोन माणसांनी एकमेकांपासून सुमारे सहा मीटरवर, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट घालून चालायचे. बूट हेच त्यांचे विद्युतअग्र. एकाच्या कानाला श्रवणयंत्र. लेपाच्या छिद्रातून संकेत मातीत गळत असला की कानातला स्वर चढतो. अर्थात चढलेला स्वर छिद्राचा की शेजारच्या तारकुंपणाचा, हे त्या कानालाच ठरवावे लागे. चांगला कान दुर्मीळ असे आणि कागदावर काही उमटत नसे.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून जी पद्धत आली तिने हा कानाचा भरवसा डोळ्यांकडे दिला. दूरध्वनीच्या पुरलेल्या तारांच्या आवरणातील दोष शोधण्यासाठी जॉन मल्व्हॅनी यांनी ती विकसित केली होती. आज ती डीसीव्हीजी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मराठीत ‘एकदिश विभव-उतार’ म्हणता येईल. संरक्षक प्रवाहच ठरावीक तालात चालू-बंद करायचा. लेपाच्या छिद्राकडे मातीतून धावणारा प्रवाह तेथे विभवाचा एक छोटा खळगा तयार करतो. सर्वेक्षक दोन काठ्या मातीत टेकवत पुढे सरकतो. मीटरचा काटा तालावर उडू लागला आणि एका दिशेला झुकू लागला की खळगा त्या बाजूला आहे. तो ओलांडला की काटा उलटतो. दोहोंच्या मध्ये काटा स्थिर राहतो तेथे खूण करायची. वीतभराच्या अचूकतेने त्याच्या खाली छिद्र सापडते. आधीच्या पद्धतीत मातीने खाल्लेला जो दाब चूक म्हणून वजा करायचा होता, तोच येथे अख्खा संकेत बनला आहे. एकाची अडगळ ती दुसऱ्याची पुंजी ठरल्याचा यापेक्षा नेटका दाखला मोजमापशास्त्रात शोधावा लागेल.

मात्र धारवाड-गदग परिसरातील काळी माती या पद्धतीची मर्यादा उघडी पाडू शकते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. असे वर्षानुवर्षे चालले की माती लेपाला चिमटीत धरून ओढते. जुन्या गुंडाळपट्टीच्या लेपांना याचा मोठा त्रास होई. सांध्यांवरची आवरणे आजही त्याला बळी पडू शकतात. लेप फाटत नाही, पण पोलादापासून सुटतो आणि त्या पोकळीत पाणी शिरते. पॉलिथिन विजेचे उत्तम निरोधक असल्यामुळे संरक्षक प्रवाह आत पोहोचत नाही. गंजाला आयता आडोसा मिळतो. प्रवाहच न पोहोचल्याने वर चालणाऱ्या माणसाच्या मीटरलाही तेथे काही वेगळे दिसत नाही. लेप जितका उत्तम निरोधक तितका त्याच्या आतला गंज अदृश्य, हा पेच अद्याप पुरता सुटलेला नाही.

तो सोडवायचा तर नळीच्या आत जावे लागते. आत जाणाऱ्या यंत्राला ‘पिग’ म्हणतात. नावाच्या कथा अनेक आहेत; नळीतून सरकताना डुकराच्या किंचाळण्यासारखा आवाज येई म्हणून, ही त्यातली लोकप्रिय. पूर्वीचे पिग केवळ नळी खरवडून साफ करीत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील ट्यूबोस्कोप कंपनीने त्यावर चुंबक आणि संवेदक बसवले. पोलादाची भिंत चुंबकाने संपृक्त करायची. भिंत जेथे पातळ झाली असेल तेथे बलरेषा बाहेर सांडतात आणि संवेदक त्या टिपतो. पहिली यंत्रे नळीच्या तळचा सुमारे चौथा हिस्साच पाहू शकत. पाणी तळाशी साचते, तेव्हा सुरुवात तेथून, हा विचार योग्यच होता. पुढे संपूर्ण परीघ पाहणारी यंत्रे आली आणि १९७० च्या दशकात ब्रिटिश गॅसने त्यांची नजर बरीच तीक्ष्ण केली. वायूच्याच दाबाने ढकलले जाणारे हे यंत्र भिंतीची जाडी नोंदवत जाते. चाकांच्या फेऱ्यांवरून दोषाची जागा कळते. भिंत आतून खाल्ली गेली असो वा बाहेरून, यातून निसटत नाही. लेपाविषयी मात्र ते जवळजवळ मुके असते.

भारतात हे तंत्र दीर्घकाळ परदेशी कंपन्यांकडून भाड्याने घ्यावे लागे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाबरोबर देशी चुंबकीय पिग विकसित केला. अणुभट्टीतील नळ्या दुरून तपासण्याची जी सवय ट्रॉम्बेला होती, तिचा हा तेलक्षेत्राला झालेला उपयोग.

आत पाहण्याचे महत्त्व देशाला २७ जून २०१४ च्या पहाटे फार मोठी किंमत देऊन समजले. आंध्र प्रदेशाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम या गावाखालून १८ इंची गॅसवाहिनी जात होती. तिच्यातून गळलेला वायू झोपेतल्या वस्तीवर पसरला आणि पेटला. नारळाची झाडे, घरे, गुरे होरपळली. वीसहून अधिक माणसे दगावली. वाहिनीतून जाणाऱ्या वायूतले पाणी पूर्णपणे काढलेले नव्हते आणि नळी आतून गंजत गेली होती, असे चौकशीत पुढे आले. वायूत कार्बन डायॉक्साइड असला आणि सोबत पाणी असले की कार्बनिक आम्ल तयार होते. ते सखल भागात साचून पोलादाचा तळ पोखरते. अशा नळीच्या माथ्यावरून कितीही निष्णात सर्वेक्षक दोन काठ्या घेऊन चालला असता तरी त्याला बाहेरचा लेप शाबूत असल्याचेच दिसले असते. अशा वाहिनीला विचारायचा प्रश्न वेगळा होता.

हा धडा जगाला आधीही मिळाला होता. १९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबॅडजवळ नदीकाठी तंबू ठोकून उतरलेल्या १२ जणांचा गॅसवाहिनी फुटून मृत्यू झाला. तेथेही आतला गंज. आणि नळीचा तो भाग पिग जाऊ शकेल अशा बांधणीचा नव्हता. त्यानंतर अमेरिकेत तपासणीचे नियम कडक झाले. बाह्य गंजासाठी वरून घेतलेल्या निरनिराळ्या वाचनांची सांगड घालून, मोजक्या जागी उकरून खात्री करण्याची शिस्त बांधली गेली. आतल्या गंजासाठी उतार आणि वेग यांच्या गणितावरून पाणी कोठे साचेल त्याचा अंदाज घेऊन तेथेच तपासण्याची पद्धत आली. भारतातही पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१२ साली वायुवाहिन्यांच्या सुस्थितीविषयी स्वतंत्र नियम केले होते. नगरमची दुर्घटना त्यानंतर दोनच वर्षांनी घडली, हे लक्षात घेतले म्हणजे नियम असणे आणि जुन्या वाहिनीत ते उतरणे यांतले अंतर कळते.

दाभोळची वाहिनी बेंगळुरूच्या वेशीवर येते तेव्हा शेतांचा मोकळेपणा संपतो. शहरात वायू काही पोलादी नळ्यांतून आणि गल्लीबोळांत पॉलिथिनच्या नळ्यांतून फिरतो. पोलादी नळीच्या माथ्यावर आता डांबर आणि काँक्रीट असते. काठी टेकवायला माती मिळत नाही, म्हणून भोके पाडून, त्यांत पाणी ओतून वाचने घ्यावी लागतात. आणि येथेच तो शंभर वर्षे उशिरा आलेला पाहुणा भेटतो. २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झालेली ‘नम्म मेट्रो’ तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह घेते आणि तो धावत्या रुळांवाटे परत पाठवते. ट्रामच्या काळापेक्षा आजची व्यवस्था खूपच सावध आहे. रुळांखाली निरोधक बैठका असतात, परतीची वाट मुद्दाम जमिनीपासून तोडलेली असते आणि सांडलेला प्रवाह गोळा करण्याची सोय बांधकामातच केली जाते. तरीही निरोधन कधीच पूर्ण नसते. चिखल, लोखंडाचा भुसा, साचलेले पाणी यांतून थोडा प्रवाह झिरपतोच. उत्तम लेप असलेल्या नळीत तो शिरला तर एखाद्या टाचणीएवढ्या छिद्रातूनच बाहेर पडतो आणि सगळा हिशेब त्या एका ठिपक्यावर चुकता करतो. म्हणून चांगल्या लेपातले एकच छिद्र कधी कधी वाईट लेपातल्या शंभरांपेक्षा घातक ठरते.

गंमत अशी की या शहराच्या पोटात याहून जुने लोखंड आहे. १८९६ पासून हेसरघट्टा तलावाचे पाणी नळांनी बेंगळुरूत येऊ लागले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण त्यात सामील झाले, आणि १९७४ पासून सुमारे १०० किलोमीटरवरून, ५०० मीटर उंच चढवून कावेरी आणली गेली. जुन्या बिडाच्या नळाचा गंज फसवा असतो. लोखंड विरघळून जाते आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मूळ आकारात तसाच उभा राहतो. नळ धडधाकट दिसतो, पण चाकूने कापता येतो. त्याच्यावर ना नीट लेप, ना ऋणाग्र संरक्षण. त्यामुळे वर वर्णिलेल्या बहुतेक पद्धती त्याच्यापुढे हात टेकतात. त्यासाठी सर्वांत जुनी रीत अजून कामी येते. शहर निजल्यावर झडपेवर लोखंडी दांडी टेकवायची, दुसरे टोक कानाशी धरायचे आणि गळतीची सळसळ ऐकायची. आता दांडीच्या जागी दोन संवेदक ठेवतात आणि आवाज दोहोंकडे पोहोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून संगणक गळतीची जागा सांगतो.

पॉलिथिनच्या नळीला गंज नाही, म्हणून तिची नाडी पाहायची गरज नाही असे वाटेल. पण वीज तिच्यातून जात नाही, तेव्हा ती वरून शोधताही येत नाही. तिच्या वर पुरलेली इशाऱ्याची पट्टी आणि कार्यालयातला नकाशा हाच तिचा पत्ता. एकाच रस्त्याखाली पाणी, सांडपाणी, वीज, दूरसंचार आणि वायू यांच्या वाहिन्या दाटीने असलेल्या शहरात तिचा शत्रू खोदकामाचे यंत्र असतो. पोलादी नळीच्या बाबतीत निदान पूर्वसूचना मिळू शकते. एकदिश रेल्वेजवळच्या वाहिनीचे विभव एका वाचनाने ठरवत नाहीत. नोंदयंत्र लावून २४ तास आलेख घेतात. दिवसा गाड्यांच्या येण्याजाण्याबरोबर रेघ थरथरत राहते. शेवटची गाडी डेपोत गेल्यावर ती सपाट होते आणि पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंतचे ते काही तास वाहिनीचे खरे विभव वाचण्यासाठी वापरले जातात.